मत बनवणं आणि मत देणं

(जुने शहर, अकोला येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



विषय तुम्हीच दिलेला आहे. निवडणुकीच्या धामधुमीत, चहूबाजूंनी पक्षांचे समर्थक कानाशी बोलत असताना, आपलं स्वतःचं राजकीय मत कसं बनवायचं? आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे कोणाला मत द्या हे आम्ही सांगणार नाही, आणि तुम्ही ते ऐकायला आलाही नसाल. आम्ही एवढंच करणार आहोत की निवडणुकीत समर्थक जे बोलतात, ते एखादा ग्रंथ तपासावा तसं तपासून बघणार आहोत. त्यात युक्तिवाद किती, धाक किती आणि नुसता गलका किती, हे वेगळं करून बघू.

सुरुवात शब्दापासून करू. मराठीत एकच शब्द दोन कामं करतो. 'तुमचं मत काय?' म्हणजे तुम्हाला काय वाटतं. आणि 'तुमचं मत कोणाला?' म्हणजे तुम्ही बटण कोणतं दाबणार. इंग्रजीत या दोन गोष्टींना दोन निराळे शब्द आहेत. आपल्याकडे एकच, आणि तो 'मन्' या धातूपासून आलेला. मन् म्हणजे विचार करणं, मानणं. म्हणजे भाषेनं आपल्यासाठी एक अट घालून ठेवली आहे: जे विचारातून आलं ते मत. ज्याच्यामागे विचार नाही, ती नुसती मोजणी. समर्थक आपल्याला दुसरं मत मागतो आणि पहिलं बनवायला सवड देत नाही. आमची तक्रार एवढीच आहे.

आता, बोलण्याचेही प्रकार असतात, हे आपल्या जुन्या शास्त्रकारांनी फार नीट सांगून ठेवलंय. चरकसंहितेत, विमानस्थानात, वैद्यांनी एकमेकांशी चर्चा कशी करावी ते आलं आहे. तिथे दोन प्रकार केलेत: संधाय संभाषा आणि विगृह्य संभाषा. पहिली जुळवून घेऊन, एकमेकांकडून शिकण्यासाठी केलेली. दुसरी भांडून, हरवण्यासाठी केलेली. न्यायसूत्रांत याचेच तीन भाग केले आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. आज आपण 'वाद' म्हणजे भांडण समजतो. न्यायशास्त्रात मात्र वाद म्हणजे सत्य काय ते ठरवण्यासाठी केलेली चर्चा. जल्प म्हणजे जिंकण्यासाठी केलेली. आणि वितंडा म्हणजे स्वतःची बाजू मांडायचीच नाही, फक्त समोरच्याची खोडायची.

मग प्रश्न असा पडतो की, जल्प आणि वितंडा हे जर कमी दर्जाचे प्रकार, तर शास्त्रात त्यांना जागा कशाला दिली? न्यायसूत्रांच्या चौथ्या अध्यायात त्याचं उत्तर आहे, आणि ते वऱ्हाडातल्या माणसाला चटकन कळेल असं आहे. बीजातून निघालेल्या कोवळ्या कोंबाचं रक्षण करायला आपण भोवती काट्यांच्या फांद्या लावतो ना, तसा जल्प-वितंडेचा उपयोग, असं ते सांगतात. म्हणजे काट्यांचं कुंपण. बोरीच्या, बाभळीच्या काट्या आणून धुऱ्यावर लावाव्यात तसं.

ही उपमा आम्हाला आजच्या विषयासाठी फार कामाची वाटते. पक्षाचा समर्थक कुंपण घालतो. त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पक्ष पाहिजेत, कार्यकर्ते पाहिजेत. उन्हातान्हात मतदारयादी घेऊन घरोघर फिरणारा माणूस नसेल तर लोकशाही चालायची नाही. तिन्ही पक्षांत आमचे विद्यार्थी आहेत, आणि ते आले की आम्ही त्यांना चहा पाजतो. पण एक गोष्ट विचारायची असते: 'बाबू, कुंपण तर चांगलं घातलं तू. आत पीक काय आहे?' पुष्कळदा असं होतं की कुंपणाला कुंपण लागलेलं असतं आणि आत काहीच पेरलेलं नसतं.

आता समर्थकांच्या बोलण्यातले तीन युक्तिवाद घेऊ. तिन्ही तुम्ही ऐकलेले आहेत.

पहिला: 'सर, तुमचं मत वाया जाईन.'

हा युक्तिवाद अकोल्याइतका दुसरीकडे क्वचितच ऐकायला मिळत असेल, कारण आपल्या लोकसभा मतदारसंघात वर्षानुवर्षं तिरंगी लढत होते. १९९८ आणि १९९९ ला इथून प्रकाश आंबेडकर निवडून आले. २००४ ते २०१९ असे चार वेळा भाजपचे संजय धोत्रे निवडून आले. २०२४ ला त्यांचे चिरंजीव अनुप धोत्रे. या सगळ्या काळात एक वाक्य प्रत्येक निवडणुकीत फिरतं: अमक्यानं तमक्याची मतं खाल्ली. काँग्रेसवाले वंचितला म्हणतात, वंचितवाले काँग्रेसला म्हणतात. 'बी टीम' हा शब्द तर आता आजीबाईंनाही पाठ झालाय.

हे वाक्य तपासू. 'मतं खाल्ली' असं म्हणताना गृहीत काय धरलंय? की ती मतं आधीच कोणाची तरी होती. जणू काही आमचं मत कोणाच्या तरी सातबाऱ्यावर चढलेलं आहे आणि दुसऱ्यानं येऊन त्यावर अतिक्रमण केलं! मंडळी, मत पडेपर्यंत ते मतदाराचं असतं. ते कोणी कोणाचं खाऊ शकत नाही, कारण ते ताटात वाढलेलंच नसतं.

बरं, गणित म्हणून तरी बघा. २०१४ मध्ये विजयी उमेदवाराला सुमारे ४ लाख ५६ हजार मतं होती आणि काँग्रेस व भारिप या दोघांची बेरीज त्याहून जास्त भरत होती. २०१९ मध्ये विजयी उमेदवाराला साडेपाच लाखांहून जास्त मतं पडली आणि उरलेल्या दोन मोठ्या उमेदवारांची बेरीज सुमारे ५ लाख ३३ हजार, म्हणजे कमीच भरली. २०२४ मध्ये पहिल्या आणि दुसऱ्यात अंतर सुमारे ४० हजारांचं, आणि तिसऱ्याला पावणेतीन लाखांहून अधिक मतं. तीन निवडणुका, तीन वेगळी गणितं. पण युक्तिवाद तिन्ही वेळा एकच, सूर तोच, छातीठोकपणा तोच. ज्या युक्तिवादावर आकडे बदलल्यानं काही फरक पडत नाही, तो आकड्यांवरून काढलेला नसतो. तो आधी ठरलेला असतो आणि आकडे मागून चिकटवलेले असतात. शिवाय अशी बेरीज करताना आपण हेही धरून चालतो की एक उमेदवार नसता तर त्याची सगळी मतं मुकाट्यानं दुसऱ्याकडे गेली असती. का गेली असती? मतदार म्हणजे पाइपलाइनमधलं पाणी आहे काय, की एक कॉक बंद केला की दुसरीकडे वाहील?

केन्स नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९३६ साली शेअरबाजाराबद्दल एक दाखला दिला होता. वर्तमानपत्रात शंभर चेहरे छापलेत, त्यातले सर्वांत देखणे निवडायचे. पण बक्षीस त्याला, ज्याची निवड बहुसंख्यांच्या निवडीशी जुळेल. मग स्पर्धक स्वतःला कोण देखणा वाटतो हे बघतच नाही; बाकीच्यांना कोण वाटेल याचा अंदाज बांधतो. आणि बाकीचेही तेच करत असतात. 'मत वाया जाईन' हा युक्तिवाद आपल्या सगळ्यांना या स्पर्धेत उतरवतो. प्रत्येक जण दुसऱ्याच्या मनाचा अंदाज घेतोय, आणि स्वतःच्या मनात काय आहे ते कोणीच बघत नाही.

याचा अर्थ गणित करूच नये असा नाही. समजा तुम्ही नीट विचार करून ठरवलं की, पहिली पसंती अमुक, दुसरी तमुक, आणि तिसरा मात्र येऊ नये. नंतर परिस्थिती पाहून तुम्ही दुसऱ्या पसंतीला मत दिलंत. यात काही गैर नाही; हा व्यवहार आहे. पण क्रम लक्षात ठेवा: आधी मत, मग गणित. समर्थक गणित आधी मांडून मत बनवायची वेळच येऊ देत नाही.

दुसरा युक्तिवाद: 'आपला मानूस हाय.'

यावर शिकलेले लोक चटकन नाक मुरडतात. जात बघून मत देतात, धर्म बघून देतात, अडाणी आहेत वगैरे. आम्ही एवढ्या लवकर नाक मुरडणार नाही. १९१९ साली, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर साउथबरो समितीपुढे साक्ष द्यायला गेले, तेव्हा त्यांनी जे मांडलं त्याचा आशय असा, की मतांचं प्रतिनिधित्व झालं म्हणजे पुरे होत नाही, माणसांचंही प्रतिनिधित्व व्हावं लागतं. ज्या समाजाला विहिरीवर पाणी भरू दिलं जात नाही, त्याचं दुःख दुसरा कोणी कितीही सद्भावनेनं मांडेल, तरी ते सभागृहात पोचत नाही. तेव्हा 'आपला माणूस' हा युक्तिवाद खोटा नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर ठेवलं, त्यांनी एकजुटीनं मत देणं हे विचार न करण्याचं लक्षण नाही. पुष्कळदा तो फार खोल विचार असतो.

पण त्याच बाबासाहेबांनी तीस वर्षांनी, २५ नोव्हेंबर १९४९ ला, संविधान सभेतल्या भाषणात दुसरी गोष्ट सांगितली. धर्मात भक्ती मोक्षाचा मार्ग असेल, पण राजकारणात भक्ती, व्यक्तिपूजा, ही अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा तो इशारा होता. कोणत्याही थोर पुरुषाच्या पायाशी आपलं स्वातंत्र्य वाहू नका, हा मिलचा विचारही त्यांनी तिथे सांगितला. दोन्ही गोष्टी एकाच माणसानं सांगितल्यात. त्या एकत्र वाचल्या पाहिजेत. आपला माणूस पाठवा, जरूर पाठवा. पण पाठवल्यावर त्याला प्रश्न विचारायचा हक्क गहाण ठेवू नका. उलट, आपला आहे म्हणून तर जास्त विचारा. घरच्या पोराला आपण शेजारच्यापेक्षा जास्त रागावतो की नाही?

म्हणून दुसऱ्या युक्तिवादाला आमचं उत्तर नकाराचं नाही. 'आपला हाय, मान्य. मंग आपलं काय काम केलं?' एवढंच विचारायचं. जिथे हा प्रश्न विचारता येतो तिथे प्रतिनिधित्व असतं. जिथे हा प्रश्न विचारणाऱ्यालाच फितूर म्हणतात, तिथे भक्ती सुरू झालेली असते.

तिसरा युक्तिवाद: 'मंग त्यायनं काय केलं?'

यावर फार वेळ घालवत नाही. एक बाजू म्हणते, सत्तर वर्सं त्यायनं काय केलं. दुसरी म्हणते, इतक्या वर्सांत यायनं काय केलं. ही शुद्ध वितंडा. स्वतःचा पक्ष मांडायचा नाही, फक्त दुसऱ्याचा खोडायचा. यात गंमत अशी की, दोघांचंही म्हणणं खरं असू शकतं. आणि दोघांचं खरं धरलं तरी, पुढच्या पाच वर्षांत काय करायचं याचा एक शब्दही त्यातून निघत नाही.

आता तुम्ही म्हणाल, सर, खोडून तर दाखवलं, पण पीक कुठे आहे? आम्हीच वितंडा करतोय असं व्हायला नको. तेव्हा मत बनवायचं कसं, ते एका इथल्याच प्रश्नावर करून बघू.

आपला खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यातला, अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला. जमिनीखालचं पाणी खारं. पिण्याला चालत नाही, शेतीलाही धड नाही. बाळापूर तालुक्यातल्या ६९ गावांना वान धरणातून पिण्याचं पाणी देण्याची योजना झाली. तिला तेल्हारा-अकोट भागातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. योजनेला स्थगिती मिळाली. २०२३ च्या एप्रिलमध्ये बाळापूरचे आमदार नितीन देशमुख हे खारं पाणी सोबत घेऊन अकोल्याहून नागपूरकडे पदयात्रेनं निघाले. तुम्हाला ते आठवत असेल.

त्या दिवसांत समर्थक काय म्हणत होते? एका बाजूचे म्हणत, लोकांना प्यायला पाणी न देणारे हे निर्दयी लोक. दुसऱ्या बाजूचे म्हणत, हे सगळं राजकारण आहे, नौटंकी आहे. दोन्ही बाजूंचं बोलणं माणसांबद्दल होतं. पाण्याबद्दल कोणीच बोलत नव्हतं.

आता समर्थक बाजूला ठेवा आणि फक्त प्रश्न घ्या. बाळापूरकडच्या बाईचं म्हणणं काय? आम्ही खारं पाणी पितो, लेकराबाळांना पाजतो. धरणात गोडं पाणी आहे, ते आम्हाला का नाही? यावर कोणाचंही मन हलेल. तेल्हाऱ्याच्या शेतकऱ्याचं म्हणणं काय? धरण सिंचनासाठी झालं. एकेक करून पिण्याचं आरक्षण वाढत गेलं तर आमचं ओलीत जाईल, मग आम्ही काय कोरडवाहूवर मरायचं? हेही खोटं नाही. म्हणजे इथे एक बाजू चांगली आणि एक वाईट असं नाहीच. दोन खऱ्या गरजा समोरासमोर उभ्या आहेत. तहान आधी की पीक आधी? तहान आधी म्हटलं, तर ज्याचं ओलीत जाणार त्याला भरपाई काय? दुसऱ्या धरणातून पाणी आणता येईल काय, आणि त्याला खर्च किती येईल? धरणात दरवर्षी प्रत्यक्ष किती पाणी साठतं, आणि आरक्षण किती झालंय?

हे प्रश्न विचारायला लागलात, की तुमचं मत बनायला लागलं. मग उमेदवार दारात आला की त्याला एवढंच विचारा: 'वानच्या पाण्याबद्दल तुमचं म्हणणं काय, आणि तेच म्हणणं तेल्हाऱ्यात जाऊन सांगाल काय?' बाळापुरात एक आणि तेल्हाऱ्यात दुसरं बोलणारा माणूस कोणत्या पक्षाचा आहे, याला मग महत्त्व राहत नाही.

सगळ्याच प्रश्नांचा एवढा अभ्यास करायला कोणाला वेळ नाही, आम्हालाही नाही. पण प्रत्येकानं एक प्रश्न धरावा. शेतकऱ्यानं कापसाचा, सोयाबीनचा धरावा, शिक्षकानं शाळेचा, आजारी माणूस घरात असेल त्यानं दवाखान्याचा. जो प्रश्न आपल्याला अंगावर सोसून माहीत आहे, त्यात आपल्याला कोणी सहज फसवू शकत नाही. सोबत उमेदवारांची शपथपत्रं बघावीत. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालानंतर उमेदवाराला आपली मालमत्ता, शिक्षण, गुन्हे हे सगळं लिहून द्यावं लागतं, आणि ते कोणालाही बघता येतं. व्हॉट्सॲपवर आलेले दहा निरोप वाचण्यापेक्षा एक शपथपत्र वाचलेलं बरं.

इथे एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो प्रामाणिक आहे. 'सर, माझ्या एकट्याच्या विचारानं काय होते? लाखांत एक मत.'

याला दोन उत्तरं. पहिलं साधं. तुम्ही बसलात तो जुन्या शहराचा भाग अकोला पश्चिम विधानसभेत येतो. २०२४ ला इथला निकाल १,२८३ मतांनी लागला. दोन-तीन मोठ्या गल्ल्यांत एवढे मतदार असतील.

दुसरं उत्तर अधिक महत्त्वाचं आहे. बहुमत का मानायचं? जास्त लोक म्हणजे जास्त शहाणे, असं थोडंच आहे? १७८५ साली काँडोर्से नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं दाखवलं की, प्रत्येक माणूस बरोबर ठरण्याची शक्यता निम्म्याहून थोडीशी जरी जास्त असेल, तरी माणसं वाढतील तसा बहुमताचा निर्णय बरोबर असण्याची शक्यता वाढत जाते. पण त्यात एक अट आहे: प्रत्येकानं आपला आपण विचार केलेला असावा. ही अट कापूस विकणाऱ्याला समजावून सांगायला नको. हर्रासीला पाच व्यापारी उभे असले म्हणजे भाव चांगला मिळेल असं वाटतं. पण पाचही जणांनी आधीच बसून ठरवलं असेल, तर बोली लावणारे पाच आणि बोली एकच. आपलंही तसंच होतं. गल्लीतल्या पाचशे लोकांनी एकाच समर्थकाचं वाक्य उचललं, तर मतं पाचशे मोजली जातील, पण मत एकच. बहुमताला जो मान आहे तो आपण प्रत्येकानं वेगळा विचार केला असेल तरच खरा. म्हणून स्वतःचा विचार करणं ही एकट्याची चैन नाही. आपण ते शेजाऱ्याचं देणं लागतो.

शेवटचा मुद्दा या जागेबद्दल. आपण जुन्या शहरात बसलो आहोत. राजराजेश्वराच्या कावडींचं हे गाव आहे, आणि १३ मे २०२३ ची रात्रही याच गावानं पाहिली आहे. समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून दंगल उसळली, एका माणसाचा जीव गेला, संचारबंदी लागली. ज्यांनी दगड उचलले त्यांच्यातल्या किती जणांनी तो मजकूर स्वतः वाचला होता? दुसऱ्याच्या डोक्यानं विचार करण्याची किंमत नेहमी मतपेटीतच मोजावी लागते असं नाही.

म्हणून एक कसोटी सांगतो आणि थांबतो. मूळ विचार कांटचा आहे, १७९५ च्या त्याच्या एका निबंधातला: जी गोष्ट उघड सांगितली तर फिसकटेल, ती न्याय्य नसते. मतदान गुप्त असतं, आणि ते गुप्तच राहिलं पाहिजे; सावकाराचा, मालकाचा, भावकीचा धाक त्याशिवाय टळत नाही. कायद्यानं तर मतदान संपण्याआधीचे ४८ तास जाहीर प्रचारही बंद ठेवलाय. तेवढे दोन दिवस तरी फोन उलटा ठेवून बसा. पण मत गुप्त असलं, तरी मतामागचं कारण असं असावं की ते जयहिंद चौकात उभं राहून, दुसऱ्या धर्माच्या, दुसऱ्या जातीच्या, दुसऱ्या पक्षाच्या शेजाऱ्याला तोंडावर सांगता येईल. त्याला ते पटणार नाही कदाचित. पण सांगताना आपल्याला मान खाली घालावी लागू नये. जे कारण फक्त आपल्याच लोकांत, दार लावून, आवाज खाली करून सांगावं लागतं, ते कारण पुन्हा एकदा तपासा. बहुधा ते तुमचं नसतं. कोणीतरी तुमच्या घरात आणून ठेवलेलं असतं.

आम्हाला एवढंच सांगायचं होतं. आता प्रश्न विचारा. आणि ज्यांना आमचं म्हणणं पटलेलं नाही, त्यांनी आधी विचारा.